हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलण्याआधी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीचा हिशेब स्प्रेडशीटवरून ऑनलाइन सॉफ्टवेअरवर न्यावा, असा प्रस्ताव पुढील सभेत येणार आहे. विक्रेत्याचे माहितीपत्रक काल ग्रुपवर टाकले असून त्यात सर्व काही सोपे असल्याचे म्हटले आहे. आपल्याला कामात नेमका कशाचा त्रास होतो आणि नव्या साधनाकडून काय हवे, ते कृपया येथे लिहावे. सुप्रभातचे संदेश आजच्या दिवस टाळल्यास चर्चा सलग वाचता येईल.

खजिनदार : माझी मुख्य तक्रार अशी आहे की, स्प्रेडशीट न विचारता आपण लिहिलेले बदलते. तिसऱ्या इमारतीतील बाराव्या सदनिकेचा क्रमांक ‘३-१२’ असा टाइप करून एंटर दाबले की तेथे तारीख उमटते, आणि मग रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ केला तरी सदनिका परत येत नाही, कारण तोवर आत तारखेचा पाच आकडी अनुक्रमांक जाऊन बसलेला असतो. धनादेश क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यामुळे १६ अंकी व्यवहार क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि महिनाअखेरीस बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ घालताना नाकी नऊ येतात. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा, हा उपाय मला ठाऊक आहे; परंतु बँकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) थेट उघडली की तोही निरुपयोगी ठरतो, कारण सीएसव्हीमध्ये रकान्याचा प्रकार साठवलेलाच नसतो.

अ विंगमधील सभासद : खजिनदारताई, या जाचातून शास्त्रज्ञही सुटलेले नाहीत. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेलमध्ये तारखा होत असत, म्हणून मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने अखेर ती नावेच बदलून ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी केली आणि २०२० मध्ये तसे प्रसिद्धही केले. पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशी काही रूपांतरे बंद करण्याची सोय दिली. फाइल, ऑप्शन्स, डेटा या वाटेने गेल्यास शून्ये गळणे आणि लांब संख्या छाटली जाणे या दोन्ही गोष्टी थांबवता येतात. ही सोय इतकी आत का ठेवली आहे, हे मात्र ठेवणाऱ्यालाच ठाऊक!

ब विंगमधील सभासद : मग स्प्रेडशीट सोडलेलीच बरी. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत, त्याचे कारण एक्सेलच होते.

अ विंगमधील सभासद : तेथे जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल वापरली होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. आपल्या सोसायटीच्या नोंदी तेथवर पोहोचेपर्यंत इमारतीचा पुनर्विकास दोनदा होऊन गेलेला असेल, त्यामुळे हे कारण आपल्याला लागू पडत नाही.

क विंगमधील सभासद : ऑनलाइन सॉफ्टवेअर म्हणजे सर्व त्रासांवर रामबाण उपाय, असेही कोणी समजू नये. आमच्या कार्यालयात असेच एक साधन आहे. त्यात लांबलचक अर्ज भरून ‘जतन करा’ दाबले की सत्र संपल्याची सूचना येते आणि लॉगिन करून परतावे तर सगळे रकाने कोरे. पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो, तो पेस्टही करता येत नाही. परिणामी निम्म्या टेबलांवर पासवर्डच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतात. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये आणि पेस्ट करू द्यावे, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेत २०१७ पासून लिहिलेले आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली विक्रेते जे खपवतात, त्याबद्दल त्यांना सभेत अवश्य विचारावे.

ज्येष्ठ सभासद : माझी अपेक्षा एवढीच आहे की, बटणे जागची हलू नयेत. २००७ च्या ऑफिसमध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली, तेव्हा बोटांना बसलेले सगळे वळण मोडले होते. ऑनलाइन साधनात तर असा बदल आपल्याला न विचारता रातोरात होतो आणि जुनी आवृत्ती ठेवून घेण्याची सोयही बहुधा नसते.

ड विंगमधील सभासद : काकांचा मुद्दा रास्त आहे, परंतु बटणे शोधता तरी येतात. माझ्या मते खरी पारख वेगळ्याच ठिकाणी होते : आपली माहिती त्या साधनातून जशीच्या तशी बाहेर काढता येते का? विक्रेता माहिती आत कशी घ्यायची ते हौसेने दाखवतो आणि बाहेर काढण्याचा विषय निघाला की ‘पीडीएफ मिळेल’ म्हणतो. पीडीएफ छापायला ठीक आहे, पण त्यातील थकबाकीची बेरीज पुन्हा करायची तर सगळे आकडे नव्याने टाइप करावे लागतात. सीएसव्ही मिळाली तरी ती उघडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. अक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीत, असूनही फाइलच्या आरंभी तशी खूण नसेल, तर एक्सेल तिचा चुकीचा अंदाज बांधते आणि सभासदांच्या मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील इतिवृत्ते आपल्याकडे आहेतच; तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांत रोमन अक्षरांची खिचडी दिसते, हे गेल्या समितीने अनुभवले आहे. कोणी कोणती नोंद कधी बदलली याचा इतिहास ठेवणे, पावत्या आपोआप पाठवणे, एकाच वेळी दोघांना काम करता येणे, या ऑनलाइन साधनाच्या जमेच्या बाजू मला मान्य आहेत. तरीही वर्गणी थांबवल्यावर वर्षानुवर्षांचा हिशेब हाती राहणार नसेल, तर मी प्रस्तावाच्या विरोधात मत देईन.

खजिनदार : पूर्णपणे सहमत. बदलांचा इतिहास मिळणार असेल, तर मी स्वतः नवे साधन शिकायला तयार आहे.

सचिव : सर्वांचे आभार. विक्रेत्याच्या नमुना माहितीवर प्रात्यक्षिक न घेता गेल्या तिमाहीच्या आपल्याच नोंदी, नावे बदलून, त्यात भरून घेऊ, लगेच सीएसव्ही काढू आणि खजिनदारताई ती मूळ वहीशी ताडून पाहतील. तत्पूर्वी, वर्गणी संपल्यानंतर माहिती किती दिवस उपलब्ध राहील, हे मी विक्रेत्याकडून लेखी मागवत आहे. उत्तर आल्यावर ग्रुपवर टाकीन. तोपर्यंत आगाऊ रक्कम दिली जाणार नाही.