'हे आपणच केलं' असं सांगितल्यावर लोक कामाला लागतात की हात झटकतात?

प्रश्न
हवामानबदलावरच्या वीस मिनिटांच्या सादरीकरणात पहिल्याच स्लाइडवर वितळत्या हिमनद्या आणि 'हे आपणच केलं' हे वाक्य आहे. श्रोते एकतर गप्प बसतात, नाहीतर 'दुसरे देश जास्त धूर सोडतात' म्हणून वाद घालतात. सामूहिक अपराधभाव, म्हणजे आपल्या गटानं केलेल्या चुकीबद्दल वाटणारी अपराधी भावना, वापरावा की नाही?

उत्तर १
वापरा, पण तो कधी जागतो ते बघा. नुकसान आपल्या गटानं केलं हे पटायला हवं आणि ते अजून भरून काढता येईल असंही वाटायला हवं. फर्ग्युसन आणि ब्रॅन्सकोम्ब या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, तापमानवाढ माणसामुळे होते पण परिणाम सौम्य राहतील असं मानणाऱ्यांत हा भाव जास्त दिसला. ऊर्जा वाचवायची, हरित कर (पर्यावरणासाठीचा कर) भरायची तयारीही त्यातूनच वाढली. पण याचा अर्थ धोका कमी करून सांगायचा असा नाही, ते खोटं ठरेल. तुमच्या स्लाइडवर दोष आहे, वाट नाही. कोणतं नुकसान अजून टळू शकतं आणि कशानं, हे त्याच स्लाइडवर आलं पाहिजे. पंधराव्या मिनिटाला आलं तर तोवर मन मिटलेलं असतं.

उत्तर २
वादाचं कारण वेगळं आहे. गटाशी नाळ घट्ट असणारे आधी गटाचा बचाव करतात. डोश्ये हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९८च्या अभ्यासात डच वसाहतवादाची बरी-वाईट अशी दोन्ही अंगं एकत्र मांडली, तेव्हा अशाच लोकांना अपराधी कमी वाटलं. संदिग्ध मजकुरात त्यांना पळवाट सापडते. तेव्हा एकूण उत्सर्जन, दरडोई उत्सर्जन आणि आजवरचं साचलेलं उत्सर्जन हे तीन आकडे वेगवेगळे दाखवा. एकात दुसरा मिसळला की वाद तिथूनच सुरू होतो.

शब्दही जपून वापरा. 'आपलं हे वागणं चुकलं' यातून भरपाईची इच्छा होते. 'आपण आहोतच स्वार्थी' यातून लाज वाटते, आणि लाजलेला माणूस तोंड लपवतो.

उत्तर ३
वरच्या दोन्हींशी सहमत. एक भर: शेवटी 'मी हे करीन' अशा प्रतिज्ञेवर सही घेऊ नका. सही केली की काहींचं मन तिथेच हलकं होतं आणि पुढचं राहून जातं. गटानं मिळून करायचं, मोजता येईल असं काम द्या, उदाहरणार्थ इमारतीचा सामायिक वीजवापर. सत्राआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने मीटरवरची युनिटं लिहा, पण मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून. नाहीतर ऋतूचा फरक तुमच्या खात्यावर जमा होईल. प्रश्नावली देणार असाल तर 'अपराधी वाटतं का' हा प्रश्न 'काय कराल' याच्या नंतर ठेवा. आधी ठेवला तर उत्तरं फुगू शकतात.