मदत हवी आहे: सोसायटीत 'येतं ते शिकवा' वर्ग, जमलेली रक्कम वसतिगृहाला. पैसे नक्की घ्यायचे कसे?

सिंहगड_रोडकर

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला. अडीचशेच्या आसपास फ्लॅट. एक काका मोडी झरझर वाचतात. बी विंगमधल्या आजींचे उकडीचे मोदक फुटत नाहीत, आणि का फुटत नाहीत तेही त्यांना सांगता येतं. हे दुर्मीळ आहे. मेंटेनन्समधून निवृत्त झालेले एक गृहस्थ गळका नळ असो की अडलेला मिक्सर, उघडून बसतात. दोघी-तिघी गोधड्या शिवतात. आणि शेजारच्याला येतं ते शिकायला आम्ही यूट्यूबवर जातो.

म्हणून काही जणांनी ठरवलंय की रविवारी सकाळी दोन तास क्लबहाऊसमध्ये एकाने शिकवायचं, दहा-बारा जणांनी शिकायचं. शिकणाऱ्याने काही रक्कम, समजा ३०० रुपये, द्यायची आणि ती मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला जायची. वाड्यावस्त्यांवरून अकरावी-बारावीला येणाऱ्या मुली तिथे राहतात. एसटी दिवसातून दोनदाच येते अशा गावची मुलगी कॉलेज का सोडते, हे इथे वेगळं सांगायला नको. संस्था आमच्यातल्या काही जणांच्या बऱ्याच वर्षांच्या ओळखीची आहे.

उत्साह दांडगा आहे, घोडं अडलंय ते पैशापाशी. एक म्हणतो माझा क्यूआर लावू, मी महिन्याच्या शेवटी संस्थेला पाठवीन. दुसरा म्हणतो सोसायटीच्या खात्यात घ्या. सेक्रेटरी म्हणतात, खात्याचं नाव काढू नका, आणि हॉल 'व्यावसायिक वापरा'च्या दराने घ्या. तिसऱ्याला प्रत्येक शिकणाऱ्यासाठी ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती हवी आहे.

दुसरा प्रश्न जास्त टोचतोय. पुरणपोळीचा वर्ग घ्यावा अशी सगळ्यांची मागणी आहे आणि शिकवायला सगळ्यात योग्य कोण, तर आमच्याकडे पाच-सहा घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. त्यांना विचारलं तर लगेच 'हो' म्हणाल्या. पण निवृत्त इंजिनियरने दोन तास फुकट देणं आणि मावशींनी देणं एकच आहे का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. 'सगळे विनामूल्य शिकवणार' हाच उपक्रमाचा आत्मा आहे असं एका गटाचं म्हणणं.

कोणी असं काही चालवलं असेल तर सांगा. कायद्याचं, हिशेबाचं, मनुष्यस्वभावाचं, सगळं चालेल.

---

आकडेमोड

व्यवसायाने सीए. आधी काय करू नये ते सांगतो.

वैयक्तिक क्यूआर अजिबात नको. तुमच्या मित्राचा हेतू स्वच्छ असेल, पण पैसा त्याच्या खात्यात आला की कागदावर तो त्याचा. उद्या कोणी विचारलं तर दर रविवारी दहा-बारा जणांनी तीनतीनशे रुपये का पाठवले याचा खुलासा त्याने करत बसायचा. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करणं हा आपखुशीचा मामला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये कलम ४१ क आहे. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात ती याच कलमाखाली, आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. तुम्ही न्यास नाही, मग 'संस्थेसाठी' म्हणून आपल्या हातात पैसे कशाला घेता? संस्था नोंदणीकृत आहे ना, तिचाच क्यूआर, तिचंच पावतीपुस्तक टेबलावर ठेवा. शिकणाऱ्याचा पैसा थेट तिथे जाऊ दे.

आता ८०जी. वर्गाची फी भरली आणि बदल्यात मोदक शिकलात, तर ती देणगी नव्हे, ते शुल्क झालं. त्यावर वजावट मागायची नाही आणि संस्थेने तशी पावतीही द्यायची नाही. देणगी ऐच्छिक हवी, म्हणजे न देणाऱ्यालाही वर्गात बसता आलं पाहिजे. तसं केलंत तर संस्था पावती देऊ शकते. मात्र नाव, पत्ता, पॅन घ्या, कारण संस्थेला वर्षाअखेर देणग्यांचं विवरण आयकर खात्याला भरावं लागतं आणि त्यातूनच देणगीदाराला वजावटीसाठी प्रमाणपत्र मिळतं. रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर वजावट नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०जी चा काहीच उपयोग नाही, त्यामुळे निम्म्या लोकांचा हा आग्रह आपोआप मावळेल बघा.

संस्था ओळखीची असली तरी नोंदणी क्रमांक, १२ए (संस्थेच्या आयकर सवलतीची नोंदणी), ८०जी आणि शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागून घ्या. ८०जी ची मान्यता हल्ली मुदतीची असते, तारीख बघा. चांगली संस्था या मागणीने दुखावत नाही, उलट फाइल पुढे करते.

---

सिंहगड_रोडकर

आकडेमोड, मनापासून आभार. म्हणजे 'प्रवेश ३०० रुपये' असं पोस्टरवर लिहायचंच नाही तर. पण ऐच्छिक म्हटलं की लोक दहाची नोट टाकतात हो!

---

स्क्रूड्रायव्हर

नाही टाकत. निदान सगळे नाही.

रिपेअर कॅफे ऐकलंय का? २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेली कल्पना. लोक बंद पडलेला टोस्टर, उसवलेली पॅन्ट घेऊन येतात, स्वयंसेवक शेजारी बसून दुरुस्त करायला मदत करतात, पैसे ऐच्छिक. आता जगभर पसरली आहे, बंगळुरूतही आहे. तुमच्या मेंटेनन्सवाल्या काकांचा वर्ग याच धर्तीवर घ्या. नुसतं भाषण नको, ज्याने त्याने आपल्या घरचा गळका नळ... बरं, नळ नाही आणता येणार, पण त्याचा स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा दांडा, आणता येतो. दहा रुपयांच्या वॉशरसाठी प्लंबरची तीन दिवस वाट बघणारा माणूस स्वतःच्या हाताने गळती थांबवून घरी जातो, तेव्हा त्याला पैसे द्यावेसेच वाटतात. टेबल बाहेर पडायच्या दाराशी ठेवा, आत येण्याच्या नको. आणि पाटीवर आकडा सुचवा: 'अनेक जण ३०० रुपये देतात'. अर्थात पहिल्या एक-दोन वर्गांनंतर ते खरं असेल तरच.

सायकल पंक्चरचा वर्गही ठेवा. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब, बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं. पोरं तासभर हलत नाहीत.

---

पोळपाट

मावशींचा मुद्दा कोणी धरला नाही म्हणून लिहितेय.

'लगेच हो म्हणाल्या' यावर जाऊ नका. ज्या घरांतून पगार येतो त्यांना 'नाही' कसं म्हणायचं? तुमच्या इंजिनियर काकांना पेन्शन आहे, रविवारची सकाळ त्यांची स्वतःची आहे. मावशींची रविवार सकाळ म्हणजे सहा घरांच्या पोळ्या. दोन तास वर्गाला दिले तर त्या पोळ्या उशिरा होणार किंवा खाडा होणार. म्हणजे वसतिगृहाला सगळ्यात मोठी देणगी कोणाच्या खिशातून गेली? आणि पोस्टरवर नाव 'सोसायटीचा उपक्रम'.

आत्मा वगैरे ठीक आहे, पण ज्याचं पोट त्या कलेवर आहे त्याला मानधन द्याच. आमच्याकडे बचतगटाच्या बायका भाजणीचं शिकवायला येतात तेव्हा आधी रक्कम ठरते, मग तारीख. आणि ती रक्कम 'भेट' म्हणून पाकिटात, पाठीवर हात ठेवून वगैरे नाही. ठरलेला मोबदला, सगळ्यांना माहीत असलेला.

---

सिंहगड_रोडकर

पोळपाट, मलाही हेच वाटत होतं, शब्द सापडत नव्हते. पण मग गणित कसं बसवायचं? सगळा पैसा थेट संस्थेच्या खात्यात गेला तर मानधन, चणाडाळ, गूळ, गॅस कशातून?

---

आकडेमोड

दोन वेगळे कप्पे करा. आधीच लिहायला हवं होतं खरं तर.

कप्पा एक: वर्गाचा खर्च. साहित्य अधिक मानधन, भागिले शिकणारे. समजा पुरणपोळीला साहित्य ६०० आणि मानधन १,२००, शिकणारे १२, तर प्रत्येकी १५०. हे सरळ खर्चाची वाटणी म्हणून घ्यायचं, आधी घ्यायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. धर्मादायशी याचा संबंध नाही, पावती मागू नये. मोडी किंवा नळाच्या वर्गाला हा कप्पा जवळपास शून्य.

कप्पा दोन: देणगी. ऐच्छिक, थेट संस्थेला, संस्थेची पावती. तुमचे हात मध्ये लागतच नाहीत.

दोन्हींचा हिशेब महिन्याला नोटीस बोर्डावर. जीएसटीची भीती कोणी घालत असेल तर सांगा, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तेवढे मोदक तुम्ही शिकवणार नाही. हॉलसाठी मात्र तोंडी परवानगी घेऊ नका. कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून घ्या, इतिवृत्तात आणा. पुढच्या वर्षी कमिटी बदलते.

---

जुनी_पेठ

माझ्या लहानपणी भाऊबीजेच्या सुमारास महर्षी कर्व्यांच्या स्त्री शिक्षण संस्थेच्या बाई पावतीपुस्तक घेऊन दारात यायच्या. आई पाच रुपये द्यायची आणि पावती देवघरात ठेवायची. पाचच रुपये, पण पावती हवीच. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला, माणशी एक पैसा मागून, आणि त्यातून तळेगावला काचकारखाना उभा राहिला. लहान रकमेला कमी लेखू नका. दहाची नोट टाकणाऱ्यालाही पावती द्या, पुढच्या वेळी तो पन्नासची काढतो.

मोडीच्या वर्गाबद्दल: बाराखडीपासून सुरू केलंत तर तिसऱ्या रविवारी काका एकटेच असतील. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला स्वतःचं नाव मोडीत लिहायला लावा. आणि कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने कागद असतील तर आणायला सांगा. झेरॉक्स आणा म्हणावं, मूळ कागद नको.

---

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. मोदकांचा वर्ग गणपतीच्या आधी ऑनलाइन ठेवलात तर इथल्या निदान वीस घरांची मी हमी देते. पैसेही लोक सढळ हाताने देतील. चालेल का?

---

आकडेमोड

थांबा, इथे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा, येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून, रीतसर बँकेमार्फत दिलं तर ती विदेशी देणगी धरत नाहीत, मग तो राहायला कुठेही असो. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, विदेशीच. ती स्वीकारायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसा तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. संस्थेला आधी विचारा. नोंदणी नसेल तर परदेशी पासपोर्टवाल्यांना वर्गाला जरूर बसवा, देणगी घेऊ नका. चार डॉलरसाठी संस्थेची नोंदणी पणाला लागायला नको.

---

पोळपाट

ऑनलाइन मोदक हे प्रकरण जरा कठीणच. पारीच्या चुण्या बघून येतात, पण उकड कळायला हात लागतो. पिठी आणि पाणी समप्रमाणात वगैरे सगळे सांगतात, खरी गोम मळण्यात आहे. उकड हाताला चटका बसेल इतकी गरम असताना तेल-पाण्याचा हात लावून मळली नाही तर कडा चिरतात, मग कितीही चुण्या घाला. म्हणून प्रत्यक्ष वर्गातही आजींना एकदम बाराजणींची उकड काढायला लावू नका. शेवटच्या बाईपर्यंत ती गार होते. चौघींपुरती एक, अशा तीन वेळा काढा, आणि मदतीला एक सुगरण द्या. आजी उभ्या राहणार नाहीत इतका वेळ, खुर्ची-टेबल त्यांच्या उंचीचं बघा.

---

सिंहगड_रोडकर

सगळ्यांना धन्यवाद. आज ग्रुपवर हे मांडलं. 'आत्मा' गटातल्या दोघांनी मानधनाला अजून मान हलवलेली नाही, पण खर्चाची वाटणी वेगळी आणि देणगी वेगळी यावर एकमत झालं. मावशींशी पुन्हा बोलले, या वेळी रक्कम आधी सांगून. त्या म्हणाल्या, रविवार नको, शनिवारी दुपारी तीन ते पाच ठेवा, आणि पुरण वाटायला पुरणयंत्र चालेल पण ते त्यांचं स्वतःचंच हवं. संस्थेने क्यूआरची पाटी आणि पावतीपुस्तक द्यायचं कबूल केलंय. एफसीआरए नाही त्यांच्याकडे, त्यामुळे अटलांटिकपार, तुम्हाला वर्गाची लिंक पाठवेन, पण देणगी फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांची.

आता एकच अडचण उरली आहे. हॉलला ठराव मिळेल असं दिसतंय, पण कमिटीची अट आहे की बाहेरच्यांना प्रवेश नाही. मावशींच्या वस्तीतल्या दोन मुलींना मोडी शिकायची आहे. 'बाहेरच्यां'ना आत घेण्याचा ठराव तुमच्या सोसायटीत कोणी करून घेतला असेल तर त्याचा मसुदा इथे टाकाल का?

---

आकडेमोड

मसुदा माझ्याकडे नाही, पण शब्द असे ठेवा: 'सभासदाने नावनिशीवार आगाऊ कळवलेले पाहुणे, प्रत्येक वर्गास कमाल चार, गेटवर नोंद करून.' पाहुण्यांना कुठलीच सोसायटी नाही म्हणत नाही. मुलींची नावं तुमच्या फ्लॅटवर टाका.