फर्ग्युसन : एकूण आकडा तोच, शहर दुसरं

'लोकसंख्या टिकून आहे म्हणजे शहराचं बरं चाललंय' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातलं, सेंट लुईस शहराजवळचं फर्ग्युसन बघा. १९९० मध्ये तिथे २२,२८६ लोक होते, २००० मध्ये २२,४०६. वरवर काहीच हललं नाही. पण त्याच दहा वर्षांत गोरे सुमारे ७४ टक्क्यांवरून ४५ वर आले आणि २०१० पर्यंत कृष्णवर्णीय ६७ टक्के झाले. एक कुटुंब गेलं की दुसरं येतं, बेरीज तीच राहते. गरिबी मात्र २००० नंतरच्या दशकभरात जवळपास दुप्पट झाली.

शहराची स्थिती सांगताना सगळे घरटी उत्पन्नावर बोलतात, पण पालिकेची कमाई कुठून येते तेही बघायला हवं. अमेरिकी न्याय विभागाच्या मार्च २०१५ च्या अहवालात ते स्वच्छ लिहिलंय. २०१० मध्ये दंड आणि कोर्ट फीमधून १३.८ लाख डॉलर आले होते; २०१५ च्या अंदाजपत्रकात तोच आकडा ३०.९ लाख धरला होता, म्हणजे पालिकेच्या सर्वसाधारण निधीतल्या महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि २०१२ ते २०१४ मध्ये ज्यांना पावत्या फाडल्या गेल्या त्यांतले ९० टक्के कृष्णवर्णीय. लोक गरीब होत असताना त्यांच्याच खिशातून तिजोरी भरायची, हा मला उघड अन्याय वाटतो. आणि शहर बहुतांश कृष्णवर्णीय असूनही २०१४ मध्ये सहा नगरसेवकांपैकी पाच गोरे होते. पालिकेची निवडणूक एप्रिलमध्ये, राज्याच्या आणि देशाच्या मोठ्या निवडणुकांपासून वेगळी होते आणि तिला मतदान फारच कमी होत असे.