सुट्टीच्या दिवशीची उशिराची न्याहारी : किनारपट्टीवरच्या घरांचे अनुभव

शनिवारी-रविवारी सकाळी न्याहारी आणि दुपारी जेवण अशी दोनदा मांडामांड करण्यापेक्षा दहा-साडेदहाच्या सुमारास एकदाच पोटभर खावे आणि मग संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराकडे वळू नये, ही पद्धत आता कोकणातल्या पुष्कळ घरांत रुळू लागली आहे. शहरात तिला ब्रंच म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नवे पदार्थ शिकावे लागत नाहीत, कारण तांदूळ, नारळ आणि आदल्या रात्री भिजत घातलेले काहीतरी एवढ्यावर आपल्या किती तरी न्याहाऱ्या उभ्या आहेत. पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी आपापल्या घरातला असा एखादा पदार्थ प्रमाणासह आणि तयारीच्या वेळेसह लिहावा, अशी विनंती आहे.

माझी अट एकच आहे. ज्या व्यक्तीने हे केले, तीही इतरांच्या बरोबरीने गरम अन्न घेऊन पानावर बसली पाहिजे. घरातल्या एकाच माणसाला सुट्टी मिळत नसेल, तर पदार्थ कितीही चवदार असला तरी त्याला मी सोपा म्हणणार नाही.

कुडाळहून एक शिक्षिका लिहितात :

आमच्याकडे रविवार म्हणजे आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, आणि यातले निम्म्याहून अधिक काम शनिवारीच संपलेले असते. वाटाणे शनिवारी सकाळी भिजत घालते, कारण त्यांना आठ-दहा तास पाणी मिळाले नाही तर कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी ते आतून कडकच राहतात. संध्याकाळी भाजलेले सुके खोबरे, भाजलेला कांदा आणि मालवणी मसाला यांचे वाटण लावून उसळ करून ठेवते. रात्रभर मुरलेली ही उसळ ताज्या उसळीपेक्षा चांगली लागते, हे मी खात्रीने सांगते. आंबोळीसाठी तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ आणि चमचाभर मेथी हे माझे प्रमाण आहे. डाळ-तांदूळ धुऊन सावलीत वाळवते आणि गिरणीतून एकदम जास्त दळून आणते, म्हणजे शनिवारी रात्री फक्त पीठ कोमट पाण्यात कालवून झाकून ठेवायचे राहते. मेच्या उकाड्यात ते सहा-सात तासांत फुगते, पावसाळ्यात आणि जानेवारीत मात्र रात्र पुरत नाही, म्हणून तेव्हा संध्याकाळीच कालवावे. पीठ दळून ठेवण्याचा आणखी एक फायदा आमच्या भागातल्या लोकांना वेगळा सांगायला नको. आषाढात वीज गेली की मिक्सर बंद पडतो आणि भिजवलेले डाळ-तांदूळ तसेच राहतात, पण पिठाला विजेची गरज नसते. बिडाचा तवा चांगला तापवून, नारळाच्या शेंडीने तेल फिरवून आंबोळी घालावी, जाड ठेवावी आणि झाकण टाकावे.

रत्नागिरीहून एक गृहिणी लिहितात :

कुडाळच्या ताईंची आंबोळी मला मनापासून आवडते, पण या चर्चेच्या अटीत ती बसत नाही, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. सहा माणसांच्या घरात शेवटची आंबोळी तव्यावरून उतरेपर्यंत पहिल्याचा चहासुद्धा पिऊन झालेला असतो, आणि तव्यापाशी उभी असलेली बाई एकटीच खाते. म्हणून मी तांदळाची उकड सुचवते. वाटीभर तांदळाच्या पिठाला दीड वाटी आंबट ताक आणि दीड वाटी पाणी पुरते. ताक-पाण्यात पीठ, मीठ आणि किंचित साखर गुठळ्या न राहतील असे कालवून घ्यावे. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला भरपूर लसूण, हिरवी मिरची आणि कढीलिंब घालून त्यावर हे मिश्रण ओतावे व घट्ट होईपर्यंत सारखे ढवळावे. मग झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन वाफा येऊ द्याव्यात. पिठाचा कच्चा वास गेला आणि उकड चकचकीत दिसू लागली की ती झाली. वाढताना प्रत्येकाच्या उकडीवर चमचाभर कच्चे गोडे तेल घालावे, तुपाने ती चव येत नाही. वीस मिनिटांत सगळे एकाच वेळी बसतात. ताक आंबट नसेल तर मात्र हा पदार्थ करू नये.

राजापूर तालुक्यातून एक गृहस्थ लिहितात :

तव्यावरच्या पदार्थांवर घेतलेला आक्षेप मला मान्य आहे, परंतु दोष तव्याचा नसून त्याच्यापाशी एकच माणूस उभे राहते याचा आहे. आमच्या घरी रविवारी घावन असतात आणि ते पाळीपाळीने घातले जातात. घावनाला आंबवणे नको, वाटणे नको. वाटीभर बारीक तांदळाच्या पिठात सुमारे दोन वाट्या पाणी आणि मीठ घालून ताकासारखे पातळ कालवायचे. पीठ लगेच तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक वेळी ढवळून मगच ओतावे, नाहीतर पहिले घावन पाण्यासारखे आणि शेवटचे भाकरीसारखे होते. तवा धूर येण्याइतका तापला पाहिजे, पीठ कडेकडून आत ओतत आणावे, म्हणजे जाळी पडते. उलटायची गरज नाही, झाकण काढल्यावर कडा आपोआप सुटतात.

दोन शेगड्यांवर दोन तवे ठेवले की जो घालतो त्याला दहा मिनिटांच्या वर उभे राहावे लागत नाही. दोन-तीन खाऊन झालेला उठतो आणि तवा हातात घेतो. माझा मुलगा दहा वर्षांचा झाल्यापासून त्याच्याही वाट्याला पाळी येते. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी असते किंवा नारळाच्या दुधात गूळ विरघळवून केलेला रस. हा रस उकळू नये, कारण जोरात तापवल्यावर नारळाचे दूध फुटते. गूळ कोमट दुधातच हलवून विरघळवावा आणि वेलची घालावी.

गुहागरहून :

मऊभात, मेतकूट, तूप, लिंबाचे लोणचे आणि भाजलेला पोह्याचा पापड. तांदूळ नवा असावा आणि पाणी एकास चार घ्यावे. कुकर लावून अंघोळी उरकाव्यात. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी याहून अधिक काही केले जात नाही आणि कोणाची तक्रारही नसते.

अलिबागजवळून एक वाचक लिहितात :

भात निघाल्यावर त्याच जमिनीत लावलेला आमचा पांढरा कांदा फेब्रुवारी-मार्चपासून माळांनी बाजारात येतो. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची गोडी आम्हाला आधीपासून माहीत आहे. तो कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही आणि तिखटही लागत नाही. सुट्टीच्या सकाळी आम्ही याच कांद्यात सुका जवळा करतो. जवळा निवडून कोरडाच भाजावा, गार झाल्यावर चाळावा म्हणजे कचरा आणि वाळू निघून जाते, मग पटकन धुऊन पिळून घ्यावा. तेलावर लसूण आणि भरपूर चिरलेला कांदा परतून त्यात हळद, तिखट, जवळा आणि तीन-चार आमसुले घालावीत व पाण्याचा फक्त हबका मारून झाकण ठेवावे. आमसुलात मीठ असते, त्यामुळे मीठ चव पाहूनच घालावे. घरात भाकऱ्या थापायला कोणी आनंदाने तयार असेल तर उत्तमच, पण त्यासाठी कोणाला ओट्यापाशी अडकवू नये. आम्ही बेकरीतून ताजा पाव आणतो.

वेंगुर्ल्याहून एक निवृत्त कर्मचारी लिहितात :

जवळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या घरात उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा असतो. एक वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी घालून उघड्या पातेल्यात पाऊण तास मंद शिजवावे, कुकरमध्ये शिजवलेल्या पेजेला दाटपणा येतो पण ती चव येत नाही. सकाळी उठल्यावर पातेले चुलीवर किंवा शेगडीवर ठेवले की मध्ये दोन-तीनदा ढवळण्यापलीकडे काम नाही. बांगडा थोडा वेळ पाण्यात ठेवून जादा मीठ उतरवावे, निखाऱ्यावर भाजावा, काटे काढून कुस्करावा आणि त्यावर ओले खोबरे, कच्चा कांदा व खोबरेल तेलाचे दोन थेंब घालावेत. मासे न खाणाऱ्यांनी खारातली कैरी घ्यावी.

मालवणहून एका वाचक भगिनींनी ओल्या काजूगरांच्या उसळीची सविस्तर कृती पाठवली आहे. ती उत्कृष्ट आहे, फाल्गुन-चैत्रात प्रत्येकाने एकदा तरी खावी अशी आहे, तरीही मी ती इथे पूर्ण देत नाही. ओल्या काजूबियांच्या सालीतला चीक हाताची कातडी जाळतो, म्हणून हातांना तेल किंवा राख लावून एकेक बी चिरावी लागते आणि मग गरम पाण्यात टाकून प्रत्येक गराची साल काढावी लागते. हे सारे निवांत सकाळीचे काम नव्हे. सोललेले गर विकत मिळाले, किंवा वाळवलेले गर रात्री भिजत घातले, तर वाटाण्याच्या उसळीचेच वाटण त्यांना लावावे.

श्रीवर्धनहून एक वाचक लिहितात :

आमच्या कोकणी मुसलमान घरांत सुट्टीच्या सकाळी सांदण असते. तांदळाचा बारीक रवा नारळाचे दूध, साखर, मीठ आणि थोडे यीस्ट घालून कालवायचा आणि दुप्पट फुगला की वाट्यांत ओतून वाफवायचा. आई यीस्टऐवजी दोन दिवसांचे आंबलेले नारळाचे पाणी वापरत असे. इडलीपेक्षा हे सांदण मऊ आणि जाळीदार होते, आणि एका वेळी बारा-पंधरा वाट्या वाफेवर ठेवता आल्याने कोणालाही उभे राहावे लागत नाही. मुले ते नारळाच्या गोड दुधात बुडवून खातात, मोठी माणसे रात्रीच्या उरलेल्या खिम्याबरोबर.

लांज्याहून :

आमच्याकडेही सांदण असते, पण ते फणसाचे, आणि त्यात काहीच आंबवायचे नसते. त्याला मऊ गऱ्यांचा बरकाच फणस हवा, कडक गऱ्यांच्या काप्याचा रस निघत नाही. गरे चाळणीवर घासून दोन वाट्या रस काढावा, त्यात तुपावर हलका भाजलेला दोन वाट्या तांदळाचा रवा, दीड वाटी गूळ आणि ओले खोबरे घालून तासभर ठेवावे, मग पंधरा-वीस मिनिटे वाफवावे. मे महिन्यात रस काढून फ्रीजरमध्ये ठेवला तर गणपतीपर्यंत सांदण करता येते. फणस फोडण्याचे काम अर्थातच आदल्या दिवशी उरकावे.

दापोलीहून एका तरुण वाचकाने लिहिले आहे :

वरचे सगळे वाचल्यावर असे वाटले की दडपे पोहे अजून कोणी सांगितले नाहीत. मी एकटा राहतो आणि शनिवारी मित्र येतात, तेव्हा हेच करतो. चार मूठ पातळ पोहे, एक मोठा बारीक चिरलेला कांदा, एका नारळाच्या अर्ध्या कवडीचे खोबरे, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर. त्याच नारळाचे पाणी पोह्यांवर हलक्या हाताने शिंपडून सगळे कालवावे आणि वर वजन ठेवून अर्धा तास दडपून ठेवावे. खायला बसताना हिंग, हळद, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी ओतावी व भाजलेला पापड चुरून घालावा. मित्र नारळ फोडतो आणि खवतो, दुसरा कांदा चिरतो, त्यामुळे माझ्याकडे फक्त फोडणी राहते. पोहे जाड असतील तर ही कृती करू नये. ते भिजायला पाणी अधिक लागते आणि मग खोबऱ्याची चव मागे पडते.