मदत हवी आहे: पोकरमध्ये कोणी पानं टाकतच (डाव सोडतच) नसेल तर ऑल-इनची रेंज, म्हणजे कोणत्या पानांवर सगळ्या चिप्स लावायच्या ती यादी, कशी बदलायची?

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे (भारतात 2025च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झालाय, तेव्हा ॲप विचारू नका). एक-दोन पौंडांच्या नो-लिमिट होल्डम टूर्नामेंट खेळतो. बजेट ठरलेलं आहे, विकतचं सॉफ्टवेअर घेणार नाही.

15-20 बिग ब्लाइंड (दर डावातल्या सक्तीच्या मोठ्या पैजेच्या तितक्या पट चिप्स) उरले की सध्या एक प्रयोग करतोय: बटणवाल्याने (डीलरच्या जागेवरच्याने) पैज दुप्पट वाढवली की बिग ब्लाइंडच्या जागेवरून थेट ऑल-इन. लहान जोड्या, एकाच रंगाचे एक्के आणि अठ्ठी-सत्तीसारखी पानं, सगळं ऑल-इनच्या तयार तक्त्यातलं. पण तक्ता गृहीत धरतो की समोरचा बऱ्याचदा पानं टाकेल. इथे कोण टाकतंय! काल 18 ब्लाइंडवर इस्पिकची एक्का-पंजी ढकलली, तर पठ्ठ्याने राजा-दश्शीवर कॉल केला. मी साधारण 60 टक्के पुढे होतो, त्यामुळे हरल्याची तक्रार नाही. पण अठ्ठी-सत्ती असती तर?

म्हणून ती काढून टाकली. आता हातच येत नाहीत आणि ब्लाइंड गिळत राहतात. नुसता कॉल करूनही पाहिला, पण फ्लॉपवर (टेबलवर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांवर) काही जुळलं नाही की अडतो. बबलजवळ (बक्षिसं सुरू होण्याच्या अगदी आधी) प्रयोग थांबवतो, तेव्हा तो भाग सोडून द्या.

अशा टेबलवर राजा-राणी, राजा-गुलाम ऑल-इनमध्ये घ्यावेत की कॉलच बरा? आणि दोष डावपेचाचा की नशिबाचा, हे ठरवायला तुम्ही हातांच्या नोंदीत नेमकं काय बघता?