बी-७०४ मधल्या अजगराविषयी (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-७०४: नमस्कार. मंगळवारी लिफ्टमध्ये माझ्यासोबतची काचेची टाकी बघून दोघातिघांनी विचारलं. उलटसुलट काही पसरायच्या आधी मीच सांगते. आमच्याकडे बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर, आला आहे. मादी आहे, दीड वर्षाची, जेमतेम अडीच फूट. विषारी नाही. घाबरली की डोकं आत घालून चेंडूसारखी गोल होते, म्हणून तसं नाव. ज्यांच्याकडे होती ते कायमचे परदेशी गेले, त्यांच्याकडून घेतली.

ए-२०२: अगं बाई! अजगर आणि सातव्या मजल्यावर?

सी-११०३: हे कायद्यात बसतं का? घोडबंदर रोडला राहतो आपण, पाठीमागे येऊरचं जंगल. उद्या वनखात्याची माणसं गेटवर आली तर?

बी-७०४: काका, आणायच्या आधी मी तेच तपासलं. आपला इथला अजगर, नाग, धामण यांपैकी काहीही घरात ठेवणं गुन्हा आहे. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, घाना-टोगो-बेनिनच्या बाजूची. पण परदेशी आहे म्हणून मोकळीक, असंही नाही. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आधीच्या मालकांची नोंद होती, माझा अर्ज गेला आहे. प्रिंट सेक्रेटरी काकांकडे देते.

सेक्रेटरी: फाइलला लावून ठेवतो.

बी-३०१: खायला काय घालतेस? जिवंत उंदीर आणणार असशील तर माझा ठाम विरोध आहे.

बी-७०४: जिवंत अजिबात नाही, ताई. उंदराला असं कोंडून मारणं मलाही बघवत नाही, आणि उंदीर उलटून चावला तर सापालाही खोल जखमा होतात. गोठवलेले मिळतात. त्यांच्यासाठी छोटा वेगळा फ्रीझर घेतला आहे, स्वयंपाकघरातला फ्रीज नाही. रात्रभर थंडाव्यातच वितळू द्यायचा, मग कोमट पाण्यात पिशवी धरून गरम करायचा आणि लांब चिमट्याने पुढे धरायचा. तिच्या ओठांवर खळगे असतात, त्यांतून तिला उष्णता जाणवते. गार उंदराकडे ती ढुंकूनही बघत नाही. तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा एक उंदीर, दहा-बारा दिवसांनी. त्यानंतर दोन दिवस तिला हात लावायचा नाही, नाहीतर उलटी होते.

बी-३०१: बरं. एवढा विचार केलास ते बरं वाटलं.

ए-२०२: थोडं दूध द्यावं का गं अधूनमधून? आमच्या गावी नागपंचमीला वाटी ठेवायचे.

बी-७०४: नको हं आजी. सापाला दूध पचतच नाही. नागपंचमीला नाग दूध पितो ते आधी त्याला कित्येक दिवस तहानलेलं ठेवलेलं असतं म्हणून. स्वच्छ पाणी, रोज बदललेलं, एवढंच तिला हवं.

ए-५०६: माझा लेक कालपासून मागे लागलाय, साप बघायचा म्हणून. कधी येऊ? आणि एवढुशा टाकीत तिचा जीव गुदमरत नाही का?

बी-७०४: ये ना, पण पंधरा दिवसांनी. नव्या जागी आली की ही जात आधी लपते. निदान आठवडाभर तिला एकटं सोडायचं असतं. मीही फक्त पाणी बदलते. टाकीचं म्हणशील तर चार फुटी आहे. पण उघड्या रिकाम्या जागेत तिला भीतीच वाटते, रानात ती बिळांत राहते. म्हणून आत दोन लपणी आहेत, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. एकच ठेवलं तर बिचारीला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ ऊब सांभाळण्यात जातो. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास. ऊब कमी पडली तर पोटातलं अन्न जिरत नाही, आतच कुजतं. जास्त झाली तर चटका बसतो, आणि साप तिथून हलतीलच असं नाही. म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवलेल्या अंशावर आपोआप राखणारं यंत्र. त्याच्याशिवाय हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हवेत ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास लागतो, कात टाकताना थोडा जास्त. पुस्तकं, व्हिडिओ सगळे पाणी फवारायला सांगतात, ते थंड कोरड्या देशांतल्या घरांसाठी. आपल्याकडे आषाढ-श्रावणात उलटी पंचाईत. चादरी वाळत नाहीत तिथे टाकीतलं कोकोपीट, म्हणजे तळाशी पसरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, काय वाळणार! सतत ओल राहिली की पोटाचे खवले सडतात आणि श्वासाचा त्रास होतो. पावसाळ्यात मी कोकोपीट काढून साधा कागद घालणार आहे, रोज बदलायला.

ए-५०६ साठी अजून एक. हात लावला की साबणाने धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी लांबूनच बघावं.

सेक्रेटरी: शनिवारी सगळ्या विंगना पेस्ट कंट्रोल आहे, बरं का.

बी-७०४: बरं झालं सांगितलंत, काका. ती औषधं सापांना बाधतात. माझ्या घरात फवारणी नको, आणि सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये करायच्या आधी मला तासभर आधी फोन करायला सांगाल का? दाराखालची फट ओल्या टॉवेलने बंद करीन. डासांच्या धुराच्या वेळीही तसंच.

सेक्रेटरी: सुपरवायझरला सांगतो.

डी-८०४: कौतुक पुरे झालं. हौस फिटली की रस्त्यावर येणारे प्राणी आपण बघतोच.

बी-७०४: तुमचा राग समजतो. हे २५-३० वर्षांचं काम आहे, हे धरूनच घेतली. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ ला आलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, वय साठीच्या पुढे. माझं लग्न झालं, घर बदललं, तरी ती माझ्याबरोबर येणार. आईबाबांशी हे बोलूनच ठरलं आहे.

सी-११०३: आणि निसटली तर?

बी-७०४: टाकीला कुलूप आहे, खोलीचं दार बंद असतं, न्हाणीघराच्या जाळीवर तार बसवली आहे. तरीही झालंच तर पाच मिनिटांत या ग्रुपवर सांगीन, लपवणार नाही.

पण काका, माझी खरी काळजी वेगळी आहे. हे लिहायला बसले तेही त्यासाठीच. आता सगळ्यांना माहीत झालं की ७०४ मध्ये अजगर आहे. उद्या पार्किंगमध्ये कोणाला तपकिरी, ठिपक्यांचा जाड साप दिसेल, आणि वाटेल की हा तिचाच, गरीब आहे, उचलून देऊ. तो घोणस असू शकतो. आपल्या भागात आहेत. अंगावर साखळीसारखे गोल डाग, बेढब जाड अंग, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. अजगर समजून लोक तिला हात लावतात आणि जीव जातो. म्हणून हात जोडून सांगते, बाहेर दिसलेला कोणताही साप माझा समजू नका. लांब उभे राहा, नजर ठेवा, वनखात्याच्या १९२६ ला फोन करा आणि मलाही. माझीच असेल तर मी ओळखीन. चावलाच तर मंत्र-तंत्र, दोरी बांधणं काही नको, सरळ सिव्हिल हॉस्पिटल.

सी-११०३: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात सी विंगच्या जनरेटरमागे असाच दिसला होता, पोरं काठीने ढोसत होती.

सेक्रेटरी: मेसेज पिन करतो. वॉचमनच्या केबिनमध्ये १९२६ आणि घोणशीचा फोटो लावतो. मोठ्या अक्षरांत छापून आणून देशील का?

बी-७०४: आज संध्याकाळी देते.

ए-२०२: आणि काय गं, जेवली का ती?

बी-७०४: नाही आजी, तिसराच दिवस आहे. पुढच्या बुधवारी देऊन बघते. नाही घेतलं तर पुन्हा आठ दिवस थांबायचं. वजन ६१० ग्रॅम आहे, ते उतरत नाही तोवर घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

ए-२०२: बुधवारी जेवली की कळव.