'अनिश्चिततेतून मार्गक्रमण': वऱ्हाडात काय म्हणतात?

काळीमाती (घाटंजी)
आमच्या भागातल्या बचत गटांसाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. पेरणी, कर्ज, पोरीचं शिक्षण, या सगळ्यात पुढचं दिसत नसताना काय करावं, असा विषय. मूळ इंग्रजीत 'नॅव्हिगेट' आहे. मी 'अनिश्चिततेतून मार्गक्रमण' केलं. वाचून दाखवलं तर एका काकूंनी विचारलं, "म्हंजे शेगावची पायदळ वारी काय?" मग 'चकव्यातून वाट काढणे' केलं, ते सगळ्यांना लगेच पोचलं. पण संपादक म्हणतात, चकवा म्हणजे एक तर खेळातली हुलकावणी, नाही तर रात्री वाट भुलवणाऱ्या भुताची अंधश्रद्धा. आमच्याकडे बँकेच्या कागदांपुढे बसलेला माणूसही "मले चकवा लागला" म्हणतो. तुमच्याकडे?

मोगरा (पुणे)
संपादकांचं पटतं. कबड्डीत चढाई करणारा चकवा देतो, तो माहीत आहे. 'लागणे' मी ऐकलेलं नाही. 'अनिश्चितता' रोज वर्तमानपत्रात येतो, त्यात अवघड काय आहे? बोलीतले शब्द घातले तर उद्या सोलापूरची बाई अडेल.

तिफन (दर्यापूर)
मोगराताई, पुस्तिका सोलापूरसाठी नाहीच. आणि चकवा देणं वेगळं, लागणं वेगळं. देणारा माणूस असतो. लागतो तेव्हा समोर कोणीच नसतं.

आमचे मोठेबाबा हरभऱ्याच्या जागलीवरून घरी निघाले आणि रात्रभर एकाच धुऱ्याभोवती, म्हणजे बांधाभोवती, फिरले. आम्हाला सांगायचे, "चकवा लागला का बसा लागते. फटफटलं का गाव आपोआप दिसते." यात भूत कुठं आलं? 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला लावलं होतं. जंगलात सूर्य ढगाआड असला की माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येत, आणि त्यांना मात्र आपण सरळ चाललोय असंच वाटे. मोठेबाबांचं हेच झालं होतं. जे अनुभवातून आलंय त्याला अंधश्रद्धा म्हणून पुस्तिकेतून काढणं मला अन्यायाचं वाटतं.

वैनगंगाकाठ
थोडं वेगळं. 'नॅव्हिगेट'च्या पोटात लॅटिन 'नाविस' आहे, म्हणजे जहाज. आपल्या संस्कृत 'नौ'च्याच कुळातला. विदर्भाला समुद्र नाही, पण नद्या आहेत ना! आमच्याकडचे ढिवर, म्हणजे मासेमार, डोंगा (लहान होडी) नेताना बांबूनं ठाव घेतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याखाली काही दिसत नाही, तरी डोंगा चालत राहतो. म्हणून माझं मत 'ठाव घेत जाणे'. आणि तिफनभाऊ, चकव्यात बसायचं असेल तर त्यातून 'वाट काढणे' कसं जुळेल? तिथेच भाषांतर चुकतंय.

(चकव्यावरून आठवलं, छत्तीसगडच्या बाजूला 'भूलन कांदा' म्हणतात. त्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो, अशी समजूत.)

वखर (वाशीम)
बसणं कोणाले परवडते? कृषी खातं सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाणी पडल्याशिवाय पेरू नका. बरोबरच सांगते. तरी धूळपेरणी होतेच. मृगाच्या आधी कोरड्यात सरकी टोबली आणि साधली, तर पीक पुढं निघते. नाही साधली तं दुबार पेरणी. हे ठाव घेणं नाही न् चकवाही नाही. याले आमच्याकडे 'अदमास' म्हणतात. 'अदमासानं चालणे' लिहा. 'अंदाज' लिहू नका, तो फारसी.

मोगरा
फारसी म्हणून अंदाज काढायचा? मग हंगाम आणि जमीनही काढा. खरीप-रब्बी तर अरबी आहेत. काय उरेल शेतात?

वखर
ते शब्द रुजले, मान्य. पण जिथं आपला शब्द जिवंत आहे तिथं बाहेरचा कशाले? अदमास माझ्या आजीच्या तोंडी होता, माझ्या पोराच्या तोंडी नाही. मले त्याचं वाईट वाटते.

काळीमाती
वैनगंगाकाठ यांचा मुद्दा लागला. पुस्तिकेत एक प्रकरण आहे, घाबरून लगेच सावकाराकडे जाऊ नका, आधी थांबा. दुसरं आहे, माहिती अपुरी असली तरी पाऊल टाका. एकाच शब्दात दोन्ही बसत नाहीत. पहिल्यासाठी गटातल्या एकीनं 'वापसा येऊ द्या' सुचवलं. पाणी पडून गेलं, पण अजून पाय घालू नका, असा तिचा अर्थ.

तिफन
सुंदर! पण 'वाफसा' लिहा. पाऊस उघडल्यावर जमिनीतून वाफ निघते, त्यावरून आला असावा.

वैनगंगाकाठ
वाफेचा काय संबंध? जादा पाणी निथरून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहिली, की वापसा. संस्कृतात 'वाप' म्हणजे पेरणी. पेरणीजोगी झाली ती वापशावरची जमीन, मला तरी हेच पटतं.

वखर
आमच्या गावात सारे 'वाफसा'च म्हणतात. फ म्हणजे फ.

मोगरा
कृषीच्या पुस्तकांत मी दोन्ही पाहिलेत. नाशिक-नगरकडच्या कोणी द्राक्षवाल्यांनी सांगावं, तिकडे काय म्हणतात?